चोचवाल्या देवमाशाचं बारसं

ओकुकाहे गावाहून इका शहराला निघालेल्या बसमध्ये लुझमिला शेंगांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या बाकावर वाळवंटातले वाटाडे डॉन सेव्हेरो आणि संग्रहालयातल्या मारुहाबाई बोलत होते. लुझमिलानं कान तिकडेच लावले.

“डॉन सेव्हेरो, तुमचंच खरं निघालं. वाळवंटात तुम्हाला सापडलेली ती दगड झालेली देवमाशाची कवटी नव्याच प्रजातीची आहे.”

“जरा मोठ्यानं बोला बाई, बसचा फार आवाज होतोय.”

“नव्या प्रजातीची! माथ्यावरची हाडं साफ केली, तर ती कुठल्याच चोचवाल्या देवमाशाशी जुळत नाहीत.”

“मी सहा वर्षांपूर्वी हेच म्हणालो, तर तुमचे प्राध्यापक अल्कासार म्हणाले, ‘तू आपली गाढवं हाक!’”

“म्हणून तर तिला तुमचं नाव द्यायचं ठरवलंय मी.”

“माझं नको. त्यांचंच द्या.”

“एवढा अपमान केला, तरी?”

“लांबलचक तोंड, अन् मेंदूच्या जागी नुसता दगड. दुसऱ्या कुणाचं शोभेल?”

लुझमिलानं हसू दाबायला शालीचं टोक तोंडात धरलं.

“अहो, त्यांनीच काल फोन करून स्वतःचं नाव सुचवलं. मी साफ नाही म्हणाले.”

“आत्ताच्या आत्ता हो म्हणून कळवा, बाई! आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालंय.”