ऑस्करचं जेवण

मानपाड्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे मी मांजर घेऊन बसलेलो. समोर एक बाई, मांडीवर बीगल कुत्रा, शेजारच्या काकूंना तावातावाने सांगत होत्या.

"याचं ताजं जेवण घरपोच देणारी कंपनीमागून कंपनी बदलली, काकू! पहिलीचं चिकन-भोपळा ऑस्करने नुसतं हुंगलं. दुसरीचं मटण आलं ते गारढोण. ताजं म्हणे! फोनवरच झापलं मी त्यांना."

"बरं केलंत."

"आताचं वागळे इस्टेटहून येतं. सॅम्पल चाटूनपुसून खाल्लं, महिन्याचं घेतल्यावर तोंड फिरवतो!"

"मग खातो काय?"

"माझ्या सासऱ्यांच्या डब्यातलं! आम्ही दोघं ऑफिसला, म्हणून त्यांना खानावळीचा डबा लावलाय. आपल्याला भूक नाही म्हणतात आणि सगळा याला घालतात. पोट बिघडलं ना याचं!"

"भाजी तिखट असेल."

"तिखट? वर बोटभर तेल, भाताला सोड्याचा वास, पोळ्या वातड. असलं कुत्र्याला घालतं का कोणी, तुम्हीच सांगा!"

"अहो, मग सासऱ्यांचा डबा बदला ना."

"त्यांचा कशाला? त्यांची काहीच तक्रार नाही."