गवतात गेलेल्या मेंढ्या

चहा होईस्तोवर एक सांगतो. लग्नानंतर आमी नवराबायकोनं पहिल्यांदा मेंढ्या घेतल्या, तवाची गोष्ट. मोताळ्याजवळ गणपतभाऊचं वावर पडीक होतं, त्यात कमरेएवढं गवत माजलेलं. भाऊ म्हणे, "मेंढ्या चार बे इथंच, माहं वावरबी मोकळं होईन."

मी मेंढ्या आत सोडल्या अन् कळपच दिसेनासा झाला. किती हाका मारल्या, पण एकही बाहेर येईना. सारी जमापुंजी त्या गवतात गेली होती. घाबरून मी निंबावर चढलो.

तेवढ्यात बायको भाकर घेऊन आली, तिच्या मागं गणपतभाऊ.

"झाडावर काय करून राह्यला बे?" भाऊनं इचारलं.

"मेंढ्या राखून राह्यलो."

"मंग मेंढ्या कुठी हायेत?"

"तेच पाहून राह्यलो."

बायकोनं भाकर खाली ठेवली. घरी पाण्यावर बोलवायची, तशीच तिनं जीभ टाळूले लावून हाक देली. गवत सळसळलं अन् सारा कळप तिच्याभोवती येऊन उभा राह्यला. माह्या जीवात जीव आला.

मी खाली उतरलो, तं गणपतभाऊ तिले म्हणे, "सूनबाई, उद्यापासून तूच येत जाय. हा आला, तं मेंढ्यांसंग यालेबी धुंडा लागन."