सीट चाकूरला बदलली

सीट मऊ असली की लांब जाता येतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नांदेडहून लातूरला सायकलनं जाऊन मी तिथल्या कॉलेजात ‘पेट्रोल सोडा’ म्हणून भाषण देणार होतो. सीटला फोमचं जाड कव्हर घातलं होतं, तरी चाकूरला पोचेपर्यंत बसणंच अशक्य झालं.

तिथल्या सायकल दुरुस्तीच्या मिस्त्रीचाचांना विचारलं, "अजून मऊ काही हाय का?"

"गादी झोपायला असती, बेटा. हितं बस."

त्यांनी मला ओल्या वाळूच्या ढिगावर बसवलं. उठलो तर बुडाच्या हाडांचे दोन खळगे पडलेले. त्यांतलं अंतर वितीनं मोजून त्यांनी तेवढ्याच रुंदीची जुनी, टणक चामडी सीट बसवली.

निघालो. आधी दुखणं विसरलो, मग सीट, मग सायकलही. दोन्हीकडं तूर डुलत होती आणि धूर नसलेला अख्खा मराठवाडा डोळ्यांपुढं तरंगत होता.

फोन वाजला. भाषण ठरवणारी सुजाता ओरडली, "पोरं ताटकळून राहिलीत, हायस कुठं?"

मी पाटी वाचली. लातूर बायपासनं कधीच मागं पडलं होतं.

"औशात."

पलीकडं ती पोरांना म्हणाली, "चला रे, काढा सायकली. भाषण औशाला हाय."