पैलवानाची बाटली

तुमचा रिपोर्टवर फार विश्वास, म्हणून सांगतो. महायुद्धाच्या काळात मी नगरला सैन्यभरतीच्या डॉक्टरांकडे प्रयोगशाळेत होतो. लघवी नळीत उकळायची, ॲसिडचे थेंब टाकायचे. पांढरा गढूळपणा राहिला की त्यात प्रथिन आहे, म्हणजे मूत्रपिंड बिघडलंय, म्हणजे गडी नापास.

एकदा पाथर्डीकडच्या एका गावची पोरं आली. ओळीनं सगळ्यांच्या नळ्या पांढऱ्या. एकट्या पैलवानाची काचेसारखी स्वच्छ. डॉक्टरसाहेब म्हणाले, "असं मूत्रपिंड मी विलायतेतही पाहिलं नाही."

पैलवान मात्र बाहेर तोंड पाडून बसलेला. मी विचारलं, "पास झालास, मग रडतोस का?"

"साहेब, पोरं म्हनली, तू तालमीतला गडी, तुझंच चांगलं असंल. म्हून सगळ्यांच्या बाटल्या मीच भरल्या."

"आणि तुझी?"

"माझ्या पाळीला काय उरलंच न्हाई. मंग हौदातलं पानी भरलं."

मी धावत आत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मानही वर केली नाही.

"मग रिपोर्ट कुठं चुकला? पाण्यात प्रथिन नसतंच."

पैलवान लढाईवर गेला.