पॉम्पेईतलं टाइप फाइव्ह

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी दवाखान्यात भाऊसाहेबांचा नंबर दोनदा पुकारला, पण त्यांना तो ऐकूच आला नाही. शेजारचं जोडपं मराठीत बोलत होतं.

"अगं अलका, पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय, सरकारी क्वार्टर सोडावं लागणार. कौशांबीच्या फ्लॅटला एकदाचं हो म्हण."

"अहो, इटलीच्या ट्रिपमध्ये पॉम्पेईतलं ते घर पाहिल्यापासून दुसरं नजरेतच भरत नाही."

"ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं घर ते!"

"असेना का. मधोमध अंगण, भिंतींवर चित्रं. मोठ्या साहेबांना मिळतं तसं, बिल्कुल टाइप फाइव्ह."

"तिथेही क्वार्टरचे टाइप लावत हिंडलीस. गाइड बिचारा लिहून घेत होता."

"आपल्याला जन्मभर टाइप फोरच मिळालं ना! त्या अंगणात घटकाभर बसले, जीव निवला."

"मग आता?"

"फ्लॅटच्या बाल्कनीतून पॉम्पेईसारखा डोंगर दिसतो का?"

"गाझीपूरचा दिसतो. कचऱ्याचा."

"धुमसतो?"

"उन्हाळ्यात, थोडाफार."

"अच्छा. मग सातव्या मजल्यावरचा घ्या. पॉम्पेईत सगळे तळमजल्यावर राहत होते."