खोचू की सोडू?

जीन्सचा विषय काढलाच आहे तर माझं ऐका. मी धुळ्याला कॉलेजात होते तेव्हा बॅगी जीन्सची फॅशन आली होती, आणि आमच्या वर्गात ती घालणारी मुलगी मी एकटीच. त्यात जळगावचं स्थळ आलं. मला पाहायला आलेला मुलगा टाइट जीन्समध्ये, वर ढगळ टी-शर्ट, आणि तोही खोचलेला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही जीन्स घालता का?"

म्हटलं, "घालते. पण टी-शर्ट बॅगीवर खोचतात, टाइटवर बाहेर सोडतात. तुम्ही उलटं केलंय."

वडिलांना चहाचा ठसका लागला. मुलगा मात्र खूश! "मला अशीच मॉडर्न बायको पाहिजे." त्याची आईसुद्धा हसून म्हणाली, "आमना घरमा बठ्ठं चालस." सगळं चालतं म्हणे! त्या एका 'बठ्ठं'वर मी भाळले.

लग्नानंतर पहिल्याच रविवारी मी जीन्स घालून स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जाय, साडी नेसी ये."

"पण आई, तुम्हीच म्हणाला होतात ना, बठ्ठं चालस?"

"हा. पोऱ्याले."

म्हणजे पोराला चालतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आरशासमोर उभा होता. म्हणाला, "अगं, हा पिवळा टी-शर्ट कोणत्या जीन्सवर घालू? खोचू की सोडू?"

अजूनही विचारतो. मी मुद्दाम चुकीचं सांगते.