फटफटीवरचं तीस वॅटचं मशीन

...न्हाई न्हाई, त्या दुकानदाराला बोल लावू नका मंडळी, त्याचं काय बी चुकलं न्हाई! तो साताऱ्याचा दुकानदार बिचारा चष्म्यावरनं बघून दोनदा इचारत हुता, ‘हवालदारसाहेब, फटफटीवर बसवायचा ना अँप्लिफायर? मग गाडीची ब्याटरी सहा व्होल्टची का बाराची?’ आन् मी काय म्हनावं? मी म्हनलं, ‘बारा द्या! एवढी मोठी जत्रा, सहात काय भागतंय?’ तो म्हनला, ‘तसं नसतं साहेब...’ म्हनलं, ‘मला शिकवू नका, मी सिग्नलचा मानूस हाय!’ मग हळूच म्हनला, ‘पंधरा वॅट का तीस वॅट?’ म्हनलं, ‘तीस करा! उरलं तर उरू दे, कमी पडाय नगं.’ आता हे काय मशीन घेनाऱ्याचं बोलनं हाय व्हय? हे पंगतीला वाढनाऱ्याचं बोलनं झालं! तवाच सांगून टाकाया पायजे हुतं...

काय सांगून टाकायचं म्हनता? तुमास्नी सांगतो, पन बाहेर बोलू नका. आमच्या गावात पलटनीतनं पेन्शन घिऊन जो कोन येतो तो हवालदार, तिथं त्यानं काय बी केलेलं असू दे. मी सिग्नलच्या पलटनीत पंधरा वर्सं काढली. खोटं न्हाई! पयल्या सुट्टीला घरी आलो तवा बापानं इचारलं, ‘कशात हाईस रं?’ म्हनलं, ‘सिग्नलमधी.’ बाप खूश, चावडी खूश, सोयरंधायरं खूश. पन सिग्नलमधी म्हंजी नक्की कुठं, हे कुनी इचारलं न्हाई आन् मी बी सांगितलं न्हाई. लंगरात हुतो, मंडळी. लंगरात! तीनशे मानसांची डाळ शिजवत हुतो! वायरलेसची पेटी मी एकदाच जवळनं बघितली, ती बी तिच्यावर साहेबाचा चहाचा मग ऱ्हायला हुता म्हनून. आता बापाला मी कुठल्या तोंडानं सांगू की तुजा ल्योक बंदुकीऐवजी डावला धरतोय? ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. तवाच सांगून टाकाया पायजे हुतं!

बरं, चौऱ्याहत्तर साल. आमच्या गावची जत्रा, आन् जत्रंतल्या कुस्त्या म्हंजी साताऱ्यापासनं सांगलीपतूर नाव. दरसाली कुस्त्या जत्रंच्या दुसऱ्या दिशी. पन औंदा शेजारच्या गावानं तोच दिवस धरला, म्हनून आमी एक दिवस म्होरं ढकलल्या. मग हे सगळ्या गावांना कळाय नगं? न्हाईतर पैलवान दुसऱ्या दिशी यायचं, मोकळा फड बघून शिव्या दिऊन जायाचं, आन् तिसऱ्या दिशी आमी आपलं बसायचं एकमेकांच्या तोंडाकडं बघत!

आता ह्ये सांगायचं काम वीस वर्सं कोंडीबाचं. कोंडीबा मेंढक्या. गळा असा, की ह्या टेकावरनं हाळी दिली की पल्याडच्या टेकावरची मेंढरं मागं वळायची. आठ दिवस चालत गावोगाव जायाचा, येशीत हुबं ऱ्हाऊन कुस्त्यांची हाळी द्यायचा, आन् त्येचा मान काय? तर फडात पयल्या कुस्तीच्या आधी एक फेटा. बास. दुसरं काय बी मागितलं न्हाई कवा.

तर कमिटीच्या बैठकीत हंबीरराव हुबं ऱ्हायलं. हंबीरराव म्हंजी कमिटीचं अध्यक्ष, तीस एकर ऊस, दारात ट्रॅक्टर, बोलताना दर दोन शब्दाला खाकरायचं. ‘हॅक... किती दिस आपुन मेंढक्याच्या हाळीवर... हॅक... कुस्त्या करायच्या? सुधारना झाली! आकारामाकडं फटफटी हाय, तिच्यावर मशीन बसवू, कर्ना लावू, एका दिसात... हॅक... पंचवीस गावं! आन् मशीन निवडायला सिग्नलचा मानूस आपल्यात हाय!’ झालं! सगळी मुंडकी माझ्याकडं. ‘औंदा फेटा बी हवालदारालाच!’ टाळ्या! कोंडीबा दाराशी बसला हुता. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् नुसतं हसल्यागत केलं. मी ‘नगं’ म्हनायचं का न्हाई? म्हनलो की! मनातल्या मनात दहा डाव म्हनलो!

घरी आलो तर आमची राहीबाई चुलीम्होरनंच म्हनती, ‘आवं, तुमी तिथं डाळ करत हुता न्हवं? मग ह्ये कर्न्याचं काय डोंबल कळतंय तुमास्नी?’ म्हनलं, ‘हळू बोल, भिताडाला कान असत्यात.’ तर म्हनती, ‘असू द्यात की, त्यांस्नी तरी खरं कळू द्या!’

मशीन आलं. अंगनात सगळं गाव. आकारामानं, म्हंजी माझ्या मेव्हन्यानं, फटफटी पुसूनबिसून आनली, सोता नवी टेरिलिनची पँट घालून आला. कर्ना हँडलला बांधाय गेलो तर दिवा झाकायला लागला, म्हनून मागं तोंड करून सीटच्या दांडीला बांधला. वायर जोडली. बटन दाबलं. मशीन गप! परत दाबलं. गप! आकाराम म्हनतोय, ‘दाजी, गाडीची ब्याटरी सहाची हाय, ह्येच्यावर तर बारा लिवलंय...’ म्हनलं, ‘ठावं हाय मला! मुद्दाम घेतलंय!’ कशापायी मुद्दाम? देवाला ठावं! आन् तवा तरी कबूल व्हावं का न्हाई? न्हाई! मी ऐटीत काय सांगितलं, ‘फौजेत असंच असतंय, वेगळी ब्याटरी लागती.’ झालं, हंबीररावांच्या ट्रॅक्टरची ब्याटरी काढली. ऊस तोडलेला रानात पडला वाळत, आन् ती धोंड्यासारखी ब्याटरी आमी बांधली फटफटीच्या मागच्या सीटवर काथ्यानं. आन् मागच्या सीटवर कोन बसनार हुतं? मी! माईक घिऊन! आता मी कुठं बसू? टाकीवर मशीन, म्होरं आकाराम, मागं ब्याटरी, तिच्या बुडाशी कर्ना... मग मी चालत. चालत कसला, पळत! चार हात वायर, तिच्या टोकाला माईक, आन् माईकाच्या टोकाला मी!

बरं, कर्न्याचं तोंड माझ्याकडं. माईक कर्न्याम्होरं धरला की मशीन कसं किंचाळतंय ते सिग्नलच्या कुठल्या बी पोराला ठावं असतंय म्हनं. मला कसं ठावं असनार? माझं पातेलं कवा किंचाळलं न्हाई! कडेगावचा बाजार, मुंगीला शिराय जागा न्हाई, आन् त्यात आमी शिरलो. ‘कुईईईई!’ एका म्हशीनं दावं तोडलं, बांगड्यांच्या पालात घुसली. मी पळतोय, धापा टाकतोय, ‘मंडळी... ह्या... ह्या... कुस्त्या... ह्या... तिसऱ्या... कुईईई!’ एक म्हातारी पदर तोंडाला लावून इचारती, ‘कोन गेलं रं बाबा?’ आकारामानं कचकन ब्रेक दाबला, मी कर्न्यावर, ब्याटरी आकारामावर, तिच्यातलं पानी त्याच्या टेरिलिनवर, आन् बघता बघता पँटीला मागं दोन खिडक्या! ‘दाजी, चावतंय! दाजी, भाजतंय!’ मशीनातनं धूर. सपलं. सगळा बाजार भवतीनं हुबा. लय लाज वाटली, मंडळी. पलटनीत एकदा साहेबाच्या खिरीत मीठ पडलं हुतं, तवा बी एवढी वाटली न्हवती.

तेवढ्यात कोंडीबा. कोकरं इकाय आला हुता. एका बैलगाडीवर चढला, कानामागं हात लावला, आन् दिली हाळी! ‘आयका होऽऽऽ! कुस्त्याऽऽऽ, औंदा तिसऱ्या दिशीऽऽऽ!’ सगळा बाजार त्याच्याकडं वळला. आन् शेवटी काय म्हनला? ‘सांगावा सिग्नलच्या जोतीराम हवालदाराचाऽऽऽ!’ कोकरं तिथंच एकाच्या हवाली केली आन् निघाला चालत. रातध्याड चालून आठ दिसांचं काम चार दिसांत केलं, येशी येशीला सांगून आला. गावोगाव माझं नाव!

तिसऱ्या दिशी फड नुसता गच्च. हंबीरराव फेटा घिऊन हुबं. म्हनलं, बास, आज सांगायचंच! फडात गेलो, बोललो... तर कुनाला ऐकू जाईना! मशीन जळालेलं, माझा गळा बाजारात वरडून बसला तो बसलाच. मग कोंडीबाला जवळ बोलावलं, कानात म्हनलं, ‘कोंडीबा, मोठ्यानं सांग: मी सिग्नलचं काम कवा केलं न्हाई, डाळ शिजवत हुतो, फेटा तुजा हाय.’ त्यानं सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. कानामागं हात लावला, ‘आयका होऽऽऽ! हवालदार म्हनत्यात, जत्रा झ्याक झालीऽऽऽ! कुस्त्या चालू कराऽऽऽ!’

टाळ्या, शिट्ट्या, हलगी! आन् तेवढ्यात माझ्या डोस्क्यावर फेटा. आन् मी... मी डोस्कं खाली केलं, मंडळी. बांधून घेतला.

मागनं त्याला गाठलं. म्हनलं, ‘गड्या, असं का केलंस रं?’ तर म्हनतो, ‘आवं, माझा भाचा तुमच्याच पलटनीत. दोन वर्सं तुमच्या हातची डाळ खाल्ली त्यानं, मला पयल्यापासनं ठावं हाय. पन वीस वर्सं फडात आलेल्या हरेक पोराला मी नामांकित पैलवान म्हनतोय. त्यात एक नामांकित सिग्नलवाला, काय बिघडलं?’

आता बोला! त्यानंतर मी चावडीवर तीन डाव खरं सांगितलं. लोक म्हनत्यात, ‘बघा, हवालदार किती इनयशील हाईत!’ आन् परवा पंचायतीचं बोलावनं आलं. गावाला टेलिफोन मंजूर झालाय, तर तारंचं खांब कुठनं कुठं रवायचं, ते सिग्नलच्या मानसानं सांगावं म्हनं.

गेलो. काय करतो? बोटानं दावून आलो.